हळद लागलेल्या दोन नळ्या

वासंती टिपणीसने आजवर जितक्या लोकांचं रक्त नेलं होतं, तितकं भरल्या घरातल्या ढेकणांनाही मिळालं नसेल, असं बाळ सुळे म्हणायचा. तिच्या तोंडावर म्हणायचा. त्याला तो हक्क होता, कारण सुई तोच टोचायचा. वासंतीचं काम नुसतं बोलण्याचं.

आणि बोलण्यात तिचा हात धरणारा ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कोणी नव्हता. "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल," हे वाक्य ती अशा काही सुरात म्हणायची, की समोरचा माणूस बाही वर करून मुंगीची वाट बघत बसायचा. डॉक्टरांना न जुमानणारे म्हातारे तिला जुमानत. अंगावर पाल पडली तरी न उठणाऱ्या बायका उठून तिच्यासाठी चहा टाकत.

ही सगळी विद्या खर्च होत होती विद्यापीठाच्या कर्करोग आनुवंशिकी केंद्रात. नाव भारदस्त; केंद्र म्हणजे ठाण्यातल्या एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. साल अठ्ठ्याऐंशी. एखाद्या घराण्यात कॅन्सर पुन्हा पुन्हा का येतो, हे तिथे शोधायचं होतं. त्यासाठी घरातल्या माणसांचं रक्त आणायचं, त्यातल्या पेशी उबदार कपाटात वाढवायच्या, सूक्ष्मदर्शकातून त्यांच्या गुणसूत्रांचा फोटो काढायचा, आणि मग तो फोटो चक्क कात्रीने कापून एकेक गुणसूत्र वेगळं करायचं, आपापल्या जोडीदाराशेजारी कागदावर चिकटवायचं. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, आपण चुकून बालवाडीत शिरलो. मोठी माणसं जिभा बाहेर काढून कातरकाम करतायत आणि टेबलावर डिंकाची बाटली.

कात्री एकच होती आणि ती केंद्रप्रमुख डॉ. मंदाकिनी कर्णिकांची. मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यांना गरजच पडत नसे, त्या कात्री उचलून पर्समध्ये ठेवत. दुसरे प्रभाकर खोपकर, संशोधक. यांचा हिशेब सोपा: सल्ले सढळ हाताने जमा, काम कायम येणे बाकी. तिसरा बाळ, तंत्रज्ञ. सुई टोचण्याखेरीज त्याचं आणखी एक मानाचं पद होतं. रोग्यांच्या गुणसूत्रांशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागे, ते नेहमी बाळचं घेतलं जाई. या गोष्टीचा त्याला इतका अभिमान, की लग्नाच्या बाजारात तो स्वतःची ओळख 'विद्यापीठमान्य निरोगी' अशी करून देत असे. बाजार अजून उठला नव्हता.

वासंतीचं रक्त मात्र कधी कोणी घेतलं नव्हतं. विषय निघाला की तिला अचानक काहीतरी धुवायचं आठवे. आजवर तिने स्वतःच्या अंगाला सुई लावू दिली नव्हती, शाळेत लस टोचायला आले तेव्हा ती पोटात दुखतंय म्हणून घरी पळाली होती, आणि सुईच्या या भीतीची खबर केंद्रात कुणालाच नव्हती. ही एवढी एक गोष्ट तिने कशी सांभाळून ठेवली होती म्हणता, दुसऱ्या कुणी दागिना सांभाळला नसता.

तिचा पीएच.डी.चा प्रबंध उभा होता एका कोळी घराण्यावर. मनुबाई डोंबिवलीत वासंतीच्या दारावर मासे घेऊन यायची. टिपणीस मंडळी मासे खाण्यात कमी नव्हेत, त्यामुळे येणं जवळजवळ रोजचं. काही वर्षांपूर्वी मनुबाईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ती बरी झाली, आणि पहिल्यासारखीच गिऱ्हाइकांना झापायला लागली. पण बोलता बोलता तिने सांगितलं, की आपली मावशी याच दुखण्यात गेली, आजी पण. वासंतीच्या आईने हळहळून पापलेटं घेतली. वासंतीने कागद घेतला.

मग मनुबाईच्या गुणसूत्रांत तिला सापडला तुरा. एका गुणसूत्राच्या डोक्यावर, कोंबड्याच्या असतो तसा, इवलासा. मनुबाईचा भाऊ दामाजी, त्याला नाही. मनुबाईची मुलगी मालू, तिला होता. वासंतीला वाटलं, हा तुरा आणि हे दुखणं हातात हात घालून चालतायत. आता फक्त तुरा आला कुठून, ते कळायला हवं होतं. मनुबाईच्या आईकडून आला असेल, तर प्रबंध उभा, कारण दुखणं त्याच बाजूचं. बापाकडून आला असेल, तर बापाच्या घराण्यात हे दुखणं औषधालाही नव्हतं. म्हणजे तुऱ्याचा नि दुखण्याचा काही संबंध नाही, आणि प्रबंध आडवा. बाप वारला होता, त्याच्या बाजूचं मागे कोणी उरलं नव्हतं. उरली होती मनुबाईची आई आवडाबाई.

आणि आवडाबाई हात पुढे करत नव्हती.

सगळं खानदान मुंगी चावून घेऊन मोकळं झालं, पण म्हातारी म्हणे, "माजा नको." का नको, ते सांगत नसे. वासंतीने गोड बोलून बघितलं, गंभीर होऊन बघितलं, एकदा तर डोळ्यांत पाणी आणून बघितलं. आवडाबाईने तिला सुकटीचा पुडा बांधून दिला आणि वाटेला लावलं.

मालूची एकदा ठाण्यात खेप झाली होती. पोस्टात नोकरी करणारी, चुणचुणीत पोरगी. भिंतीवर टाचलेल्या कागदाकडे बघून ती म्हणाली, "हे माझे ना? आणि याच्या डोक्यावर काय आहे? आईच्या पण आहे." कागदावर नावं नव्हती, पण पोस्टातल्या मुलीपासून पत्ता लपवणार कसा. वासंती एवढी बोलघेवडी, पण तिने नुसता चहा विचारला. मालू हसली आणि म्हणाली, "कळलं की सांगा हां." मग चहा न घेताच गेली. तेव्हापासून तो तुरा वासंतीच्या डोक्यात वेगळाच रुतून बसला होता.

मालूचं लग्न ठरलं तेव्हा मनुबाई आमंत्रण घेऊन केंद्रातच आली. म्हणाली, "हलदीला सगल्यांनी यायचा. आनि बाय, सुई घेऊन ये. आईस बोलली, देते."

वासंतीने बातमी ऐकून मॅडमची कात्री खाली पाडली. मॅडमनी ती उचलून पर्समध्ये टाकली नाही, यावरून प्रसंगाचं मोल कळावं.

हळदीच्या दिवशी दुपारी केंद्र बंद करून सगळे डोंबिवलीच्या खाडीकाठी कोळीवाड्यात हजर. मॅडम रेशमी साडीत. प्रभाकर माशांचा वास घेत वाड्याच्या तोंडापासूनच सैल झालेला. बाळच्या एका खांद्याला सुयांची पिशवी, दुसऱ्याला बर्फाचा थर्मास, आणि चेहऱ्यावर करवल्याचा भाव. मांडवात बेंजो पार्टी सुरू झाली होती; जात्यावर हळद दळून झालेली, बायका परातीभोवती गाणी म्हणत होत्या आणि मध्येच एकमेकींना ढकलून हसत होत्या. मालू पाटावर बसलेली, गुडघ्यापर्यंत पिवळी.

आवडाबाई खुर्चीवर बसली होती. ठसठशीत नऊवारी, नाकात नथ, कपाळावर आडवं कुंकू पुसलेलं, तिथे आता हळदीचा पट्टा. बाळने बाजूला टेबल मांडलं, नळी काढली, वासंती पुढे झाली आणि तिने आपला ठेवणीतला सूर लावला.

"आजी, काही नाही, मुंगी चावल्यासा—"

"बस जरा," आवडाबाई म्हणाली. तिने बेंजोवाल्याला हाताने थांबवलं. "तू आमचे घरान येतंस कवाची. मनूचा रगत नेलास, दामाजीचा नेलास, पोरींचा नेलास. आमचे सगले गावाचा नेशील. तुजा कुनी बगितलाय?"

"माझं कशाला, आजी? मी काय—"

"सोयरीक करताना एकच बाजू देते का? आधी तुजा. मंग माजा."

मांडवात अशी काही खसखस पिकली की मालूचा पाट हलला. मनुबाई म्हणाली, "आईस बराबर बोलते." दामाजी म्हणाला, बराबर. मागून कोणी पोरगा ओरडला, "बाय, मुंगी चावंल फकस्त." वासंतीचंच वाक्य, तिच्याच सुरात.

वासंतीने मॅडमकडे बघितलं. मॅडम पापड खात होत्या. तिने प्रभाकरकडे बघितलं. प्रभाकर म्हणाला, "शास्त्रीयदृष्ट्या हरकत नाही." तिने बाळकडे बघितलं तर तो सुई लावून तयारच होता. इतक्या वर्षांची कमाई तिच्या डोळ्यांदेखत बुडाली होती आणि समोर प्रबंध नथ घालून बसला होता. ती खुर्चीवर बसली. आवडाबाईने तिचा मोकळा हात आपल्या हळदीच्या हातात घेतला. पुढचं वासंतीला आठवत नाही, एवढंच आठवतं की बाळ म्हणाला, "झालं," आणि मांडवाचं छत हळूहळू डावीकडे निघालं.

ती शुद्धीवर आली तेव्हा चार-पाच बायका तिच्या तोंडाला हळद फासत होत्या. कोळीवाड्यात पाणी नव्हतं असं नाही, पण परात जवळ होती. "उटली गो, उटली," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यासाठी परत गाणं धरलं.

तोवर आवडाबाईचंही रक्त काढून झालं होतं. ती हूं का चूं बोलली नव्हती. बाळने सवयीप्रमाणे दोन्ही नळ्यांवर पट्टी चिकटवून शाईने नंबर टाकले होते आणि त्या थर्मासात ठेवणार, एवढ्यात आवडाबाई म्हणाली, "बगू." तिने दोन्ही नळ्या मुठीत घेतल्या, उजेडाकडे धरल्या आणि निरखून बघितल्या.

"कोनाचा कंचा?"

बाळने दाखवलं.

"सारकाच दिसतंय," आवडाबाई समाधानाने म्हणाली. मग नळ्या मनुबाईने बघितल्या. मग दामाजीच्या बायकोने. मग नवरीने. हळदीच्या हातांतून हळदीच्या हातांत नळ्या साऱ्या मांडवभर फिरून आल्या, प्रत्येकीने अंगठ्याने पुसून नीट बघितल्या, आणि सगळ्यांचं एकमत झालं की सारखंच दिसतंय. बाळने नळ्या थर्मासात ठेवल्या आणि तो भाकरी नि कोलंबीच्या कालवणाकडे वळला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ते कालवण ज्यांनी खाल्लं, त्यांच्यापैकी कुणीच त्या दिवशी दुसरं काही बघितलेलं नाही.

वासंती त्या पिवळ्या तोंडाने घरी गेली. वाटेत तिला बघून इमारतीतल्या गुप्तेकाकू जिन्यातच थांबल्या. आईने दार उघडलं, लेकीकडे बघितलं, आणि वर्षानुवर्षं तयार ठेवलेला प्रश्न विचारला, "कोण आहे?"

"मासेवाल्या मनुबाईची आई," वासंती म्हणाली आणि झोपायला गेली. आईला रात्रभर कोडं उलगडलं नाही.

पेशी वाढायला तीन दिवस लागतात. वाढल्या. फोटो निघाले. मॅडमनी पर्समधून कात्री काढून दिली, वासंतीने कापून जोड्या लावल्या. दोन कागद तयार झाले. एकावर सगळं सरळ, सभ्य. दुसऱ्यावर तुरा.

वासंतीने टेबलावर अशी थाप मारली की डिंक उडाला. "आजीचा तुरा. मॅडम, आजीचा तुरा आहे. उभा राहिला आपला प्रबंध."

बाळने कॉफी मागवायला सांगितलं. मॅडम हसल्या. प्रभाकरने चष्मा पुसून दोन्ही कागद बघितले, मग फ्रीज उघडून उरलेल्या नळ्या बघितल्या, आणि त्या पहिल्यांदाच एवढ्या काळजीपूर्वक बघितल्या असाव्यात.

"यातली आजीची कुठली?" त्याने विचारलं.

दोन्ही नळ्यांच्या पट्ट्या पिवळ्याजर्द होत्या. शाईचा मागमूस नव्हता. बाळने त्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या, नखाने खरवडल्या. नखाला हळद लागली.

"एक ताईची आहे आणि एक आजीची," बाळ म्हणाला. "एवढं नक्की."

"एवढं आम्हालाही माहीत आहे, बाळ," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण कात्री पर्समध्ये गेली.

बाळने धावपळ करून रक्तगट तपासले. दोघींचा बी पॉझिटिव्ह. तो म्हणाला, "आता पत्रिका बघायची राहिली."

"यात अवघड काय आहे?" प्रभाकर म्हणाला. त्याच्या सल्ल्यांच्या राशीत हा एकच कामाचा होता आणि तो नेमका आज निघाला. "वासंतीचं परत काढायचं. हिच्यात तुरा नसला, तर तो आजीचा. असला, तर मग हिचा आणि प्रबंध... ते बघू पुढे."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर. वासंती, हात पुढे कर."

वासंतीला काहीतरी धुवायचं आठवलं.

धुवून झाल्यावर ती म्हणाली, की शास्त्राच्या दृष्टीने ज्या घराण्याचा अभ्यास आहे त्याच घराण्यातून पुन्हा नमुना घेणं जास्त योग्य. मग म्हणाली, की तिला जरा सर्दी वाटतेय. मग म्हणाली, की बाळचा हात आज जड आहे. बाळ म्हणाला, "माझा? मी तर त्या दिवशी तुझं घेतलेलं, तू हसत हसत पडलेलीस." मॅडमनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "बरं. तुझ्या आजीला विचारून बघ."

दुसऱ्या सकाळी वासंती कोळीवाड्यात. आवडाबाई ओट्यावर बोंबील वाळत घालत होती. मालू पाचपरतावणाला माहेरी आली होती, ती दारात बसून नव्या बांगड्या मागेपुढे करत होती.

वासंतीने अख्खी हकीकत सांगितली. नळ्या, हळद, पुसलेले नंबर, तुरा, प्रबंध. आवडाबाईने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ती हसायला लागली. हातातला बोंबील हलायला लागला. मग मालू हसायला लागली. मग शेजारच्या ओट्यावरच्या बाया, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्याही हसायला लागल्या, कारण आवडाबाई हसत होती.

"जल्ला, म्हंजे म्हायतीच नाय, तुजा कंचा नि माजा कंचा?"

"नाही ना. म्हणून म्हटलं, आजी, तुमचं परत एकदा—"

"माजा एकदा दिला."

"हो, पण—"

"मना म्हायती हाय तू हितं का आलीस," आवडाबाई म्हणाली. "तवा तुजा हात माजे हातान व्हता. पान्यातनं काढलेला मासा बरा, एवरी फडफडत व्हतीस. सगल्यांना मुंगी मुंगी करतंस, नि तुना सोताला सुईचा भ्या."

वासंतीने आजूबाजूला बघितलं. बोंबील सोडले तर तिच्या बाजूचं कोणी नव्हतं. "कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

"सांगून काय करू? सगले मांडवाने बगितलाय."

मालू बांगड्यांशी खेळायची थांबली. "ताई," ती म्हणाली, "तुरा आजीचा निघाला तर चांगलं की वाईट?"

"माझ्यासाठी चांगलं," वासंती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ऐकू आलं की आपण काय बोललो. तुरा आजीचा, तर तो दुखण्याचा सोबती. आणि तोच तुरा या पोरीच्या अंगात. तिने ओट्यावरून घसरलेला एक बोंबील उचलून जागेवर ठेवला. "काय असेल ते कळलेलं बरं," ती शेवटी म्हणाली. "चल, मीच देते."

आवडाबाईने बोंबील मालूच्या हवाली केले, मग विचार बदलून शेजारणीच्या हवाली केले, आत जाऊन नथ घातली आणि बाहेर आली. "चला. मी पन येते. ही परत परली तं उचलनार कोन?"

अशा रीतीने कर्करोग आनुवंशिकी केंद्रात त्या दिवशी आवडाबाई आणि मालू यांचं आगमन झालं. आवडाबाईने आधी मॅडमना नमस्कार केला, मग बाळला हात दाखवून "नीट कर" म्हणाली, मग भिंतीवरच्या फोटोंसमोर जाऊन उभी राहिली. अजून न कापलेला फोटो होता, गुणसूत्रं इकडेतिकडे विखुरलेली.

"यो जवला कोनी सांडला?" तिने विचारलं, जणू सुपातली बारीक सुकी कोलंबीच कोणी लवंडली होती.

प्रभाकरने समजावून सांगितलं, की हे माणसाच्या पेशीतलं अमुक, त्यावर तमुक. आवडाबाईने ऐकून घेतलं आणि मालूला म्हणाली, "जवलाच हाय." केंद्रात तेव्हापासून आजतागायत न कापलेल्या फोटोला जवळा म्हणतात.

मग वासंती खुर्चीवर बसली. आवडाबाईने शेजारी बसून तिचा हात धरला. बाळने नळी काढली, पट्टी चिकटवली आणि या वेळी शाईवर पारदर्शक टेपही लावली. तो काही बोलणार, तेवढ्यात आवडाबाई वासंतीच्या कानाशी तिच्याच सुरात म्हणाली, "काय नाय, बाय. मुंगी चावल्यासारका वाटंल."

वासंतीला हसू फुटलं, आणि हसताना ती डोळे मिटायला विसरली. नळीत काळसर लाल रक्त चढताना तिने पहिल्यांदा बघितलं. तिची सगळी ताकद खुर्ची धरण्यात होती, पण छत जागच्या जागी राहिलं.

"झालं," बाळ म्हणाला.

"आता सांग," आवडाबाई म्हणाली. "मुंगी कवरी व्हती?"

वासंतीने विचार केला. "खेकड्याएवढी," ती म्हणाली.

"मंग खरा बोलत जा लोकांशी."

पुन्हा तीन दिवस. या तीन दिवसांत वासंतीने पाचदा उबदार कपाट उघडलं आणि मॅडमनी पाचदा बंद केलं. प्रभाकर चक्क रोज वेळेवर आला. चौथ्या दिवशी फोटो निघाला. मॅडमनी कात्री काढली, पण या वेळी ती वासंतीला दिली नाही. स्वतः कापायला बसल्या. खोलीत कात्रीचा आवाज तेवढा येत होता. एकेक जोडी कागदावर जात होती. जिथे बघायचं ती जोडी मॅडमनी सगळ्यांत शेवटी ठेवली होती, आणि हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनाही गंमत चढली होती.

त्यांनी ती जोडी चिकटवली आणि कागद वासंतीकडे फिरवला.

तुरा.

बाळने मान पुढे काढून कागद बघितला. मग प्रभाकर हळूच म्हणाला, "म्हणजे आजीत नाही. नवऱ्याकडून आलेला. वासंती, तुझा प्रबंध..."

"गेला," वासंती म्हणाली.

इतक्या वर्षांची पायपीट, गोड बोलणं, डोळ्यांत आणलेलं पाणी, सगळं एका कागदावर बुडीत खाती निघालं होतं. ती त्या तुऱ्याकडे बघत राहिली. इवलासा, कोंबड्याच्या डोक्यावर असतो तसा, आणि तिचा स्वतःचा. आपल्या घराण्यात हे दुखणं कुणाला नाही. आजोबा गेले ते श्रीखंड जास्त झाल्याने. मनुबाईच्या बापाच्या घराण्यातही नाही. म्हणजे तुरा नुसताच तुरा आहे. म्हणजे मालूचा तुरा—

ती उठली. तिला जे हसू यायला लागलं ते पोटातून कुठूनतरी यायला लागलं आणि थांबेना. प्रभाकरला वाटलं, धक्का बसला. त्याने पाणी आणलं. बाळ तिच्याकडे बघून हसायला लागला, कारण त्याला कारण लागत नसे. मॅडम म्हणाल्या, "प्रबंध कुठे जात नाही, वासंती. नाव बदलेल. जे नाही ते नाही म्हणून सिद्ध करणं हेही काम असतं." पण तोवर वासंती जिन्यात होती, कागद छातीशी, चप्पल एक पायात आणि एक हातात.

आवडाबाई ओट्यावरच होती. वासंतीने ओरडूनच सांगितलं, "आजी, तुरा माझा. तुमच्यात नाहीच. तो तुमच्या नवऱ्याकडचा."

आवडाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "माजे घोवाचा?"

"त्यांचाच."

"नि तुजे अंगान पन त्योच?"

"तसाच."

आवडाबाईने तिला वरून खालपर्यंत बघितलं, जशी पहिल्यांदाच बघत असावी. मग आत वळून हाक मारली, "मनू गो, बाहेर ये. तुजे बापसाची बहीन आली. आमचे घरची नणंद निघाली ही. पाट आन." आणि वासंतीला म्हणाली, "नणंद म्हंजे आता मना टोमने मारशील."

मनुबाई आली. कागद बघून तिला काही कळलं नाही, पण पाट आणला. दामाजी आला, तो वासंतीच्या पाया पडायला वाकला, ती मागे सरकून बोंबलांत पडली. शेजारच्या ओट्यावर बातमी पोचेपर्यंत टिपणिसांच्या पोरीचं कुळ पार समुद्रापर्यंत नेऊन झालं होतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं, की असा तुरा कुठल्याही दोन माणसांत सापडू शकतो, त्यावरून नातं ठरत नाही. आवडाबाई म्हणाली, "व्हय व्हय," आणि तिने त्यांना नणंदेची मोठी बाय म्हणून चोळीचा खण दिला.

मालू अजून माहेरीच होती; ती मात्र दारातच उभी होती. "म्हणजे माझा तुरा?" तिने विचारलं.

"शोभेचा," वासंती म्हणाली. "आईसारखी दर वर्षी डॉक्टरांना दाखवत जा, ते सोडायचं नाही. पण तुऱ्याला घाबरायचं कारण नाही. माझ्याही आहे."

मालूने कागद हातात घेतला, बोट ठेवून तुरा शोधला, आणि डोक्यावरचा गजरा हाताने उगाच सारखा केला. मग तिने वासंतीच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा तिच्या नव्या बांगड्या वासंतीच्या कानाशी इतका वेळ वाजत राहिल्या, की आवडाबाईला दोघींना ओट्यावरून हलवून बाजूला करावं लागलं. बोंबील तुडवले जात होते.

जेवणं झाली. कालवण तेच. जेवणानंतर वासंतीने घसा साफ केला आणि आपला सूर लावला. "आजी, आता असं झालंय, की तुरा नाही तर मग दुसरं काहीतरी आहे. ते शोधायला सगळ्यांचं परत एकदा..."

दामाजीने हात पाठीमागे घेतले.

"रगत?" आवडाबाईने विचारलं.

"रक्त."

"मुंगी?"

"खेकडा," वासंती म्हणाली.

आवडाबाईने पाय पसरून पदर सारखा केला आणि म्हणाली, "बोलव त्या पोराला. आधी तुजा."

वासंतीने बाही वर केली.